एसी बसवायला माणूस आला की चहा करायला आत जाऊ नका

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कोलशेत रोडच्या एका टॉवरमधून फोन आला. चौदावा मजला. "दादा, नवा कोरा फाइव्ह स्टार एसी आहे. बसवून महिना झाला नाही. पहिले आठ दिवस गोधडी घेऊन झोपलो, आता पंखा बरा अशी गत आहे." मी गेलो, बाहेर टांगलेल्या आउटडोअरच्या जाड पाइपच्या नटाला साबणाचा फेस लावला. बुडबुडा यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. नट खोलला तर तांब्याच्या पाइपचं तोंड एका बाजूला चिरलेलं. बसवणाऱ्याने पाना जरा जास्त आवळला होता, एवढंच. त्या केसाएवढ्या चिरेतून गॅस हळूहळू निघून गेला. मशीन ठणठणीत होतं.

ज्यांनी तो बसवला त्या पोरांना मी शिव्या देत नाही. एप्रिल-मे महिन्यात त्यांच्या डोक्यावर दिवसाला सहा-सात मशीनं असतात, पैसे नगावर मिळतात आणि दुपारी दोनच्या उन्हात छज्जावर उभं राहायचं असतं. पण गिऱ्हाईकानेही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फ्रिज कारखान्यातून पुरा होऊन येतो, प्लग लावला की झालं. स्प्लिट एसी तसा येत नाही. दोन खोक्यांत दोन तुकडे येतात, आत लावायचं इनडोअर आणि बाहेर टांगायचं आउटडोअर, आणि त्यांचं मशीन तुमच्या भिंतीवर, दीड-दोन तासांत, दोन माणसं तयार करतात. कारखान्यात जी तपासणी होते ती इथे करणारं कोणी नसतं. म्हणून तुम्ही उभे राहा.

मी कळव्यात राहतो. ठाण्याच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि २००३ पासून घोडबंदरपासून नेरूळपर्यंत हेच काम करतोय. आमच्या धंद्यात कुठे हात आखडतात ते मला माहीत आहे, कारण कधीकाळी मीही आखडले आहेत. ते पुढे सांगतो.

आधी खोली, मग दुकान

दुकानात विचारतात, "रूम केवढी?" आणि उत्तर येतं, "बेडरूमच आहे, नॉर्मल." नॉर्मल म्हणजे काय? टेप घ्या आणि मोजा. १० बाय १२ ची खोली मधल्या मजल्यावर असेल, भिंतीवर दुपारचं ऊन येत नसेल, तर एक टन पुरतो. तीच खोली शेवटच्या मजल्यावर असेल आणि डोक्यावर गच्ची तापत असेल, किंवा पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातलाही हाताला गरम लागत असेल, तर दीड टन घ्या. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नसेल तर गॅसची शेगडीही हिशेबात धरा.

टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे, हे मला अजूनही दर आठवड्याला एकदा सांगावं लागतं. एक (अमेरिकन) टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. आकड्यात तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. दीड टनाची सगळी मशीनं एकसारखी नसतात. स्टारच्या लेबलवर थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये छापलेली असते, ती दोन-तीन मशीनांची शेजारी ठेवून बघा.

आणि मोठा घेतला की बरं, हा गैरसमज सोडा. नेरूळला एका काकांनी लहानशा बेडरूममध्ये दोन टनाचा बसवून घेतला होता. मे महिन्यात खूश होते. जुलैत म्हणाले, खोली गार होते पण चादर ओलसर लागते. होणारच. मशीन पाच मिनिटांत खोली गार करतं आणि थांबतं, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. इन्व्हर्टर मशीन हळू चालतं हे खरं, पण तेही एका मर्यादेखाली हळू होत नाही. आपल्याकडे खाडीचा दमटपणा हाच अर्धा उकाडा आहे.

माझ्या आधी वायरमन

एसीची लाइन मेन बोर्डापासून वेगळी आली पाहिजे. दीड टनाला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि शेवटी १६ अँपिअरचा मोठा पॉइंट. दीड टनाचं मशीन पूर्ण जोरात साधारण सात-आठ अँपिअर ओढतं. आकडा मोठा वाटत नाही, पण ते रात्रभर ओढतं, गिझरसारखं दहा मिनिटं नव्हे. वाशीच्या एका जुन्या इमारतीत मी प्लग काढायला गेलो तर तो सॉकेटलाच चिकटलेला. प्लास्टिक वितळून एकजीव झालं होतं. आत दिव्याच्या पॉइंटवरूनच वायर फिरवलेली होती. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी लावायला सांगणाऱ्या माणसाच्या घरातून मी चप्पल घालून परत निघतो, वाद घालत नाही.

अर्थिंग मीटरने तपासून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट दिसतात जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये दिसले पाहिजेत. खूप कमी दिसले तर तिसरी पिन नुसती शोभेची आहे. एकाच घरात दुसरा-तिसरा एसी येत असेल तर बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा आणि कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. स्टॅबिलायझरचं विचाराल तर, मशीनच्या पुस्तकात ते किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतं ते दिलेलं असतं. तुमच्या घरी व्होल्टेज त्या बाहेर जात असेल तर घ्या, नाहीतर ते पैसे वायरिंगवर घाला.

आउटडोअर कुठे टांगायचं

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आउटडोअरचं काम एकच: खोलीतली उष्णता बाहेर फेकणं. ती फेकायला समोर मोकळी हवा हवी. पंख्याच्या समोर निदान तीन फूट मोकळं, मागे भिंतीपासून किमान चार-सहा इंच, जास्त मिळालं तर उत्तमच. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बिल्डर काय देतो? एक अरुंद डक्ट, त्यात एकावर एक आउटडोअर, आणि शोभेसाठी पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी. पंख्याची गरम हवा पट्ट्यांवर आपटते आणि वळून परत त्याच मशीनच्या पाठीमागून आत शिरते. गरम हवा वर जात असल्याने वरच्या मजल्याच्या मशीनला खालच्या सगळ्यांचा उच्छ्वास मिळतो. मानपाड्याला एका ताईंचा एसी दर मे महिन्यात दुपारी दोन ते चार बंद पडायचा आणि संध्याकाळी आपोआप चालू व्हायचा. तिघांनी गॅस भरून पैसे घेतले होते. मी डक्टमध्ये हात घातला तर भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. सोसायटीकडून लेखी परवानगी घेऊन पंख्यासमोरच्या पट्ट्या काढल्या आणि मशीन सहा इंच पुढे ओढलं. गॅसला हातही लावला नाही. तेव्हापासून त्यांचा फोन फक्त सर्व्हिसिंगसाठी येतो.

नवी मुंबईत अडचण वेगळी. सिडकोच्या जुन्या इमारतींचे छज्जे. कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, कुठेही बघा, पावसाचं पाणी मुरून सळई फुगलेली आणि गिलावा सुटलेला. तिथे मी स्टँड लावण्याआधी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघतो. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर तिथे फास्टनर, म्हणजे भिंतीत रुतणारा बोल्ट, मारायचा नाही, कोणी कितीही "काही होत नाही" म्हणो. दीड टनाचं आउटडोअर साधारण पंचवीस-तीस किलोचं असतं, वर ते रात्रभर थरथरतं, आणि खाली लोक चालतात. स्टँड जाड पत्र्याचा घ्या. भिंतीत किमान १० एमएमचे अँकर फास्टनर हवेत, आणि मशीनच्या पायाखाली रबराची बुशिंग. हे रबर खोक्यात येतं आणि बरेचदा खोक्यातच राहतं. मग रात्री पलंगाच्या भिंतीतून घूं घूं ऐकू येतं आणि माणूस म्हणतो, मशीनमध्ये फॉल्ट आहे.

अजून एक. आउटडोअर अशा जागी लावा जिथे पुढच्या वर्षी सर्व्हिसिंग करणारा माणूस जिवंत पोहोचू शकेल. "दोन मिनिटांचं काम आहे, असेच उतरा" असं सांगणारे लोक स्वतः बाल्कनीच्या कठड्यावर हातही टेकवत नाहीत. मी बेल्ट अडकवल्याशिवाय बाहेर पाय ठेवत नाही. तुमच्याकडे येणारा पोरगा बेल्ट लावत नसेल तर त्याला थांबवा. खिडकीच्या जाळीत एक उघडणारा दरवाजा ठेवून घ्या. तसा दरवाजा नसलेल्या ग्रिलमध्ये अडकवलेलं आउटडोअर काढायला मला एकदा ग्रिलच कापावी लागली होती.

खाडीच्या जवळ किंवा नाल्याकाठी राहत असाल, ऐरोली, कोपरखैरणे, विटावा, कळवा, तर घरातली चांदीची भांडी बघा. निरांजन, ताम्हण पॉलिश केल्यावर महिन्याभरातच काळं पडतं का? चांदी काळी करणारा सडक्या पाण्याचा वायू तांब्यालाही खातो. इनडोअरची कॉइल तांब्याची आणि नळी बारीक असते. तिला टाचणीएवढी भोकं पडतात आणि गॅस जातो. तुम्ही कितीही नीट बसवा, उपाय मशीन घेतानाच करायचा: कॉइलवर संरक्षक थर असलेलं मशीन घ्या आणि वॉरंटीच्या कागदात गंजाबद्दल काय लिहिलंय ते दुकानात उभं राहून वाचा. दहा वर्षं बहुतेक वेळा नुसत्या कॉम्प्रेसरची असतात.

कबुतरांचं सांगायला नकोच. मशीनच्या मागे जाळी लावा, पण ती कॉइलपासून अंतरावर, पाना जाईल एवढी सैल.

इनडोअर आणि भिंतीचं भोक

इनडोअर छतापासून निदान सहा इंच खाली हवं, कारण ते हवा वरून ओढतं. फॉल्स सीलिंगच्या कोनाड्यात शोभेसाठी कोंबलेलं मशीन आपलीच गार हवा परत ओढतं, त्याला वाटतं खोली गार झाली, आणि ते झोपतं. झोताखाली उशी नको. टीव्हीवर नको, कारण कधीतरी पाणी गळतंच. पत्र्याची पाठ भिंतीला लावताना लेव्हल ठेवून बघायला सांगा. मोबाइलमध्येही लेव्हल असते, तुम्हीच धरा. मशीन ड्रेनच्या, म्हणजे पाणी जायच्या नळीच्या, उलट बाजूला झुकलं तर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर नकाशे उमटतात.

भोक आतून बाहेर उतरतं असावं, बाहेरचं तोंड थोडं खाली. पावसाचं पाणी मग आत येत नाही आणि ड्रेनलाही उतार मिळतो. घोडबंदरचे बरेच नवे टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले असतात, आमच्या भाषेत मायवान. त्यात वीट नावाला नाही, भिंत म्हणजे काँक्रीट आणि सळई, आणि इमारत त्याच भिंतींवर उभी आहे. तिथे मनाला येईल तिथे भोक पाडायचं नाही. बिल्डरने ठेवलेली जागा शोधा, नसेल तर सोसायटीला विचारून कोअर कटिंग, म्हणजे मशीनने गोल भोक, करून घ्या. बीम आणि कॉलम तर जुन्या इमारतीतही सोडूनच द्यायचे.

काही टॉवरमध्ये तांब्याचा पाइप आणि ड्रेन आधीच भिंतीत गाडलेले असतात. दिसायला सुंदर. पण रंगारी, सुतार, फरशीवाला यांच्यापैकी कोणीतरी त्यात खिळा मारलेला असतो. असा पाइप असेल तर मशीन जोडण्याआधी त्यात नायट्रोजन भरून दाब धरतो का ते तपासायला सांगा, आणि ड्रेनमध्ये बाटलीभर पाणी ओता. नायट्रोजनच. ऑक्सिजनची टाकी कोणी आणली तर त्याला दारातूनच परत पाठवा. आतल्या तेलाशी दाबाखाली ऑक्सिजन आला तर स्फोट होतो.

तांबं

आम्ही पाइप सुतात मोजतो. बारीक दोन सूत, म्हणजे पाव इंच, आणि जाड चार सूत, अर्धा इंच. दीड टनाला बहुतेक वेळा हीच जोडी लागते. मशीनबरोबर साधारण तीन मीटर पाइप येतो. जास्त लागला तर त्याचे वेगळे पैसे, आणि इथे खेळ होतो. बाहेरून आणलेला पाइप पातळ पत्र्याचा लावतात. आताचा आर-३२ गॅस जुन्या आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त दाबावर चालतो, त्याला जाड भिंतीचा पाइप हवा. विचारा, जाडी किती? सांगता आलं नाही तर बोटाने दाबून बघा. चपटा होत असेल तर नको.

पाइप कापल्यावर त्याच्या काठाला आतून बारीक धार राहते, ती काढावी लागते, आणि काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस आत पडत नाही. मग तोंड तुतारीसारखं उघडायचं, त्याला फ्लेअर म्हणतात. कोलशेत रोडला चिरलेलं तोंड हेच. नट आवळताना दोन पाने हवेत, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. बारीक पाइपला साधारण १५ न्यूटन मीटर जोर, जाडाला ५० ते ६०. त्यासाठी जोर मोजणारा टॉर्कचा पाना मिळतो. माझ्याकडे तो आला २०१६ मध्ये, त्याआधी मनगटावर भरवसा होता, आणि ते मनगट दुपारी चारनंतर जरा जास्तच जोर लावतं हे मला त्या पान्यानेच शिकवलं.

दोन्ही पाइपना वेगवेगळं काळं फोम हवं, एकत्र गुंडाळलं तर चालत नाही. नटापर्यंत फोम आलं पाहिजे, उघडा राहिलेला भाग घाम गाळतो. आणि वरची टेप खालून वर गुंडाळायची. कौलं कशी रचतात, खालच्यावर वरचं? तसं. वरून खाली गुंडाळली की प्रत्येक पदरात पाऊस शिरतो.

आता चहा करा

सगळं जोडून झालं की बाहेरच्या मशीनमधला गॅस पाइपात सोडायचा असतो. पण त्या पाइपात आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये आत्ता काय आहे? तुमच्या बाल्कनीतली हवा, तिच्यातल्या ओलाव्यासकट. ती आधी काढावी लागते. व्हॅक्यूम पंपाने.

आता माझी गोष्ट. आर-२२ च्या जमान्यात मी पंप नेतच नव्हतो. उस्तादाने शिकवलं होतं तसं करायचो: बारीक पाइपचा व्हॉल्व्ह चिमूटभर उघडायचा, दुसरीकडचा नट सैल ठेवायचा, गॅस हवेला ढकलत पुढे येतो, फुस्स झालं की नट आवळायचा. दहा सेकंदांचं काम. पंप वजनदार, लोकलच्या गर्दीत कोण नेणार? मशीनं चालायचीही, कारण जुनं तेल पाण्याला फारसं जवळ करत नव्हतं. मग नवे गॅस आले, त्यांच्याबरोबर नवं तेल आलं, आणि ते पाणी असं पितं की विचारू नका. चरईतल्या एका दवाखान्यात मी भर पावसात असाच फुस्स करून एसी बसवला. दोन वर्षांत कॉम्प्रेसर गेला. कापून बघितला तर तेल काळंकुट्ट आणि आंबूस वासाचं. पाणी आणि तेल मिळून आम्ल झालं होतं, त्याने मोटरच्या वायरींचं कवच खाल्लं. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, त्यांना कळलंच नव्हतं. मला कळलं होतं. नवा कॉम्प्रेसर मी मजुरी न घेता बसवला आणि पुढच्या महिन्यात पंप घेतला.

राहिलेली हवा दुसरंही नुकसान करते. गॅसचं द्रव होतं, हवेचं होत नाही. ती आउटडोअरच्या कॉइलमध्ये जागा अडवून बसते, दाब वाढतो, अँपिअर वाढतात, बिल वाढतं, आणि गारवा मात्र कमी. आणि फुस्स करताना जो गॅस जातो तो तुमच्याच मशीनमधला, कारखान्यात ग्रॅममध्ये मोजून भरलेला. वर आर-३२ थोडा ज्वालाग्राही आहे, तो खोलीत सोडण्याची चीज नाही.

तेव्हा बुकिंग करतानाच विचारा: "पंप आणणार ना?" आणि आल्यावर पंप नजरेने बघा. तो किमान पंधरा-वीस मिनिटं चालला पाहिजे, पाइप लांब असेल किंवा पावसाळा असेल तर त्याहून जास्त. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याच्या खाली, उणे ३० इंचांपर्यंत जातो. त्या पोकळीत पाणी तुमच्या खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर ओढलं जातं. वेळ लागतो तो यासाठी. मग पंप बंद करायचा आणि दहा मिनिटं काट्याकडे नुसतं बघत बसायचं. काटा हलला नाही तर जोड पक्का. वर सरकला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती गॅस सोडण्याआधी सापडली हे नशीब. ही दहा मिनिटं कोलशेत रोडला कोणी बसलं नाही.

चहा द्यायचा असेल तर या वेळी द्या. कारागीर घाई करत नाही आणि तुम्हालाही काटा दिसतो.

पाइप पुस्तकात दिलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे किती ग्रॅम गॅस वाढवायचा तेही त्याच पुस्तकात असतं. तो वजनकाट्यावर मोजून भरतात. "हाताला थंड लागलं, बास" हे माप नव्हे.

पाणी

दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतो. रात्रभरात बादली भरते. ते पाणी जोराने जात नाही, केवळ उताराने जातं. म्हणून ड्रेनच्या पाइपला मध्ये कुठेही पोट सुटलेलं नको, वर चढलेला नको, आणि शेवटचं टोक पाण्यात बुडालेलं नको. बादलीत बुडवून ठेवलेला पाइप आतली हवा कोंडतो आणि पाणी इनडोअरमधून तुमच्या पलंगावर येतं. बाथरूमच्या मोरीत सोडत असाल तर टोक जाळीच्या वर राहू द्या. थेट गटाराच्या पाइपात जोडलं तर एसी लावल्यावर खोलीत काय वास येईल ते सांगायला नको.

बाहेर मोकळं सोडू नका. नौपाड्यात एका इमारतीत तिसऱ्या मजल्याचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या वाळत घातलेल्या पैठणीवर पडलं. त्या दोन घरांचं हळदीकुंकू त्या वर्षी वेगवेगळं झालं. ड्रेन खाली इमारतीच्या पाइपपर्यंत न्या, खर्च दोन-तीनशे रुपयांचा.

कारागीर निघण्याआधी इनडोअरचं झाकण उघडायला लावा, आतल्या ताटलीत एक लिटर पाणी ओतायला सांगा आणि स्वतः बाहेर जाऊन टोकाशी उभे राहा. ताटलीत ओतलं तेवढं बाहेर आलं पाहिजे.

निघताना

मशीन अर्धा तास चालवा. खोलीचं तापमान दाखवणारं साधं थर्मामीटर असेल तर आधी वरच्या जाळीपाशी, मग झोतात धरा. आठ ते बारा अंशांचा फरक पडला तर ठीक चाललंय. त्याच वेळी वायरीला चिमट्यासारख्या लावायच्या क्लॅम्प मीटरचे अँपिअर आणि गेजचा दाब यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी कोणी "गॅस कमी आहे" म्हणालं तर तुमच्याकडे तुलनेला आकडा असेल. मी स्वतः ते आकडे आउटडोअरच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहितो.

नटांना साबणाचा फेस लावून दाखवायला सांगा. व्हॉल्व्हच्या पितळी टोप्या पान्याने आवळल्यात का बघा, हाताने फिरवलेली टोपी गळते. भिंतीचं भोक पुट्टीने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवून घ्या, वर्तमानपत्र कोंबून नव्हे. भोकातून पाल आली तर ती ऊब शोधत कंट्रोलच्या कार्डावर जाऊन बसते, मरते, आणि कार्डही मारते. उरलेला तांब्याचा पाइप तुमचा आहे, मागून घ्या. सिरियल नंबर आणि बसवल्याची तारीख वॉरंटीच्या कागदावर लिहून घ्या.

रिमोट शिकवायला मी थांबत नाही, घरातली पोरं शिकवतात. एवढंच सांगतो की १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या मशीनमध्ये सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम आहे. ते २४ तसंच राहू द्या आणि पंखा हळू लावा. १६ वर लावलं म्हणून खोली लवकर गार होत नाही, मशीन थांबत नाही इतकंच.

बसवून घ्यायची वेळ साधायची असेल तर फेब्रुवारीत बोलवा. होळीच्या आधी आमच्याकडे वेळ असतो, डोकं शांत असतं, आणि पंप तासभर चालवायलाही कोणी नाही म्हणत नाही. आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडेल त्या रात्री उठून पाइप जिथून आत येतो तिथे भिंतीला हात लावून बघा. ओल लागली तर दुसऱ्या दिवशी फोन करा. भोक मी पाडलेलं असेल तर त्याचे पैसे मी घेत नाही.